देवाविना निष्ठा : वऱ्हाडातील एक परंपरा

देव नाकारला, परलोकाची आशा सोडली, तर माणूस स्वतःच्या सुखापलीकडे कशासाठी झिजेल, हा नास्तिकांवरचा जुना आक्षेप आहे. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी की, जो झिजतो तो मनातून श्रद्धाळूच असला पाहिजे. देवाच्या जागी त्याने समाज, इतिहास किंवा क्रांती बसवली, इतकेच. अकोला आणि अमरावती या वऱ्हाडातल्या दोन जिल्ह्यांचा १८७० नंतरचा इतिहास चाळला, तर या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे जगून दाखवणारी माणसे भेटतात. त्यांतली काही इथल्या मातीत जन्मली, काही शिकायला आली, काही एखाद्या परिषदेपुरतीच आली.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. रुळांच्या मागोमाग कचेऱ्या, न्यायालये, कापसाच्या पेठा आणि सरकारी शाळा आल्या. देशावरून आणि कोकणातून कारकून, मास्तर, वकील या भागात येऊ लागले, आणि त्यांच्या आधाराने त्यांच्या नात्यागोत्यातली गरीब, हुशार मुलेही आली. अशाच एका मुलाने या कथेची सुरुवात होते.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी अशी, की शिक्षण हे एका जागी बसून मिळणारे नव्हतेच. कऱ्हाड, रत्नागिरी अशी फरफट करत ते नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला आले. इथल्या हायस्कुलात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा सहवास लाभला. महाजनी हे इंग्रजी वाङ्मयात मुरलेले, शेक्सपिअरची नाटके मराठीत आणणारे गृहस्थ; १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडे आले. अकोल्यातच ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रातून आगरकरांनी लेखणी चालवायला सुरुवात केली. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तिथे अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा, ही त्यांच्या चरित्रांत सांगितली जाणारी आठवण प्रसिद्ध आहे.

अकोल्याने आगरकरांना नास्तिक केले, असे म्हणता येणार नाही. पण पुस्तकांची गोडी, स्वतःचे मत छापून मांडण्याची सवय आणि आपल्या बळावर उभे राहण्याची जिद्द त्यांनी इथून नेली. डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचताना या सामग्रीला दिशा मिळाली. एम.ए.च्या उंबरठ्यावर असताना त्यांनी आईला एक पत्र लिहिले. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, अशी आशा तिने बाळगू नये. आपण पोटापुरते मिळवू आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवू, असा त्याचा आशय आहे. ज्या घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, त्या घरातल्या आईला असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. आणि या निश्चयामागे ना कुठल्या देवाची आज्ञा होती, ना पाप-पुण्याचा हिशेब.

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज, अशी कामे टिळक, आगरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी भराभर उभी केली. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवर लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले आहे. दोघे एकाच कोठडीत होते. रात्री वाद रंगला की आवाज चढे आणि पहारेकऱ्याला त्यांना गप्प करावे लागे. एकाची देवाधर्मावर श्रद्धा, दुसऱ्याची नाही. पण देशासाठी तुरुंग भोगण्याच्या तयारीत दोघांमध्ये तसूभरही फरक नव्हता.

पुढे मतभेद वाढले. आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, हा वादाचा दर्शनी मुद्दा होता. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ‘देवतोत्पत्ती’ या निबंधात त्यांनी देवांच्या जन्माची कहाणीच उलगडून दाखवली. स्वप्ने, सावल्या, मृत्यू यांचा अर्थ लावताना आदिमानवाला भुतांची कल्पना सुचली. मेलेल्या पूर्वजांची भीती आणि भक्ती यांतून देव घडले. समाज जसा बदलला तसे देवही बदलत गेले, हे स्पेन्सरच्या वळणाचे विवेचन त्यांनी सोप्या मराठीत मांडले. काटेकोरपणे पाहिले तर त्यांची भूमिका अज्ञेयवादाची होती: विश्वाच्या मुळाशी काय आहे ते माणसाला कळलेले नाही आणि जे कळलेले नाही त्याच्या नावाने कोणावर जुलूम करू नये. पुण्यातल्या सनातनी मंडळींना हा बारकावा पाहायचा नव्हता. त्यांनी आगरकरांना नास्तिक ठरवले आणि ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. अंत्यसंस्काराच्या खर्चाचे पैसे त्यांनी स्वतःच बाजूला काढून ठेवले होते, असे सांगितले जाते.

आगरकरांच्या निष्ठेचा आधार कोणता, हे नीट पाहण्यासारखे आहे. देव नाही म्हणून नीती नाही, हे त्यांना मान्य नव्हते. माणसाचे सुख वाढवणारे आणि दुःख कमी करणारे ते चांगले, एवढा पाया त्यांना पुरेसा वाटे. बालविवाहाने मुलींचे काय होते, केशवपनाने विधवेच्या वाट्याला काय येते, हे डोळ्यांना दिसत होते. त्यासाठी श्रद्धेची गरज नव्हती. पण त्यांच्या विचारात आणखी एक धागा होता. समाज साध्या अवस्थेतून प्रगत अवस्थेकडे जातो, विचार जागा झाला की रूढी मोडते, आज ना उद्या लोक युक्तिवादाला वश होतात, हे त्यांनी धरून चाललेले आहे. हे विधान केवळ पुराव्यावर उभे नव्हते. त्यांच्या हयातीतला पुरावा तर नेमका उलट होता. आपल्याच प्रेताची मिरवणूक ज्याच्या कानी पडली, त्या माणसाने लोकांच्या बुद्धीवर विश्वास कायम ठेवला. इथे आगरकर पुराव्याच्या एक पाऊल पुढे गेले होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र हा विश्वास त्यांनी कधी कोणाला प्रश्न विचारण्यापासून रोखण्यासाठी वापरला नाही. ‘सुधारक’चा प्रत्येक अंक वाचकाला उलट उत्तर देण्याचे आमंत्रण होते. देवावरच्या श्रद्धेहून त्यांचा विश्वास याच बाबतीत वेगळा ठरतो.

आगरकरांनंतरची दोन दशके वऱ्हाडावर प्रभाव राहिला तो टिळकांचा. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले तेव्हा टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे हे त्यांचे वऱ्हाडातले उजवे हात. १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला धाडल्यावर खापर्डे त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी विलायतेत जाऊन राहिले. परतल्यावर, १९११ च्या अखेरीस, ते शिर्डीला साईबाबांपाशी गेले आणि काही महिने तिथेच राहिले. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. याच सुमारास टिळक मंडालेच्या कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहीत होते. फळाची आशा न धरता कर्म करीत राहण्याचा उपदेश त्यांनी त्यात केला. ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. राजकीय चळवळीला ईश्वरनिष्ठेचा आधार असलाच पाहिजे, हे या पिढीला सांगावे लागत नव्हते. क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळ्यांतही देवाला स्मरूनच शपथा घेतल्या जात. फळाच्या आशेविना झिजणारा नास्तिक ‘गीतारहस्या’च्या कर्त्याने तरुणपणी एकाच कोठडीत जवळून पाहिला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

पुढच्या पिढीत हे चित्र पालटले आणि या बदलाचा एक दुवा अमरावतीतून जातो. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आली. मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण इथे मिळे आणि राष्ट्रीय वृत्तीचे तरुण दूरदूरवरून येत. पुणे जिल्ह्यातल्या खेडचा शिवराम हरी राजगुरू त्यांतलाच एक. १९०८ चा जन्म. लहानपणीच वडील गेलेले. घरातून निघून तो संस्कृत शिकायला काशीला गेला होता. या व्यायामशाळेतही त्याने शिक्षण घेतले. काशीत त्याचा क्रांतिकारकांशी संबंध आला आणि तो हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशनमध्ये सामील झाला. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला पोलिस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडणाऱ्यांत तो होता. ३० सप्टेंबर १९२९ रोजी तो पुण्यात पकडला गेला.

राजगुरूची एक आठवण त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवली आहे. आग्र्याच्या मुक्कामात एकदा त्याने चुलीतला सांडस लाल होईपर्यंत तापवला आणि आपल्या उघड्या छातीला लावला. एकदा नव्हे, तीनदा. रात्री झोपेत कण्हण्याचा आवाज आला तेव्हा इतरांना ते कळले. पोलिसांनी छळ केला तर आपण टिकू की नाही, हे त्याला पाहायचे होते. संस्कृत पाठशाळेत शिकलेल्या आणि हनुमानाच्या नावाने चालणाऱ्या आखाड्यात तयार झालेल्या या मुलाने देवाविषयी काही लिहून ठेवलेले नाही. पण परीक्षा देण्याची त्याची रीत पाहावी: कुठल्या वरदानावर त्याने भरवसा ठेवला नाही. स्वतःची सहनशक्ती खरी किती, हे त्याने तापलेल्या लोखंडाने मोजले.

साँडर्सच्या हत्येच्या त्याच खटल्यातल्या भगतसिंगांनी मात्र हा प्रश्न थेट हाताळला. ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांनी आपण नास्तिक का आहोत, यावर निबंध लिहिला. सहबंदी असलेले भाई रणधीर सिंग यांनी आरोप केला होता की प्रसिद्धीने या तरुणाचे डोके फिरले आणि म्हणून तो देव मानत नाही. त्याला हे उत्तर होते. निबंधात भगतसिंग आधीच्या पिढीचा आदराने उल्लेख करतात: शचीन्द्रनाथ सान्याल ईश्वरभक्त होते, काकोरी कटाच्या खटल्यात फाशी गेलेल्यांनी शेवटचा दिवस प्रार्थनेत घालवला. स्वतःविषयी ते सांगतात की, देवावरचा विश्वास संकटात माणसाला दिलासा देतो, हे त्यांना कळते. तो सोडला की सारा भार स्वतःच्या पायांवर येतो. फाशीचा दोर गळ्यात पडेल त्या क्षणी आपले सगळे संपणार, पुढे स्वर्ग नाही आणि पुनर्जन्मही नाही, हे जाणूनही ते मागे हटत नाहीत. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले.

तरीही श्रद्धेचा एक प्रकार या तरुणांजवळ होता. इतिहास आपल्या बाजूने आहे, शोषितांचे राज्य येणारच, अशी त्यांची खात्री होती. ही खात्री रशियातल्या १९१७ च्या क्रांतीवर आणि वाचलेल्या ग्रंथांवर उभी होती. हिंदुस्थानात तसे घडेलच, याला प्रमाण नव्हते. आगरकरांना विचाराच्या विजयाची जी खात्री होती, तीच इथे क्रांतीच्या विजयाची झाली. फरक धोक्याचा आहे. विचारावरचा विश्वास चुकला तर लेख वाया जातात. क्रांतीवरचा विश्वास चुकला तर माणसांचे प्राण जातात. म्हणूनच ज्याने अशी खात्री बाळगली त्याच्यावर ती पुन:पुन्हा तपासण्याची जबाबदारी अधिक येते. भगतसिंगांच्या शेवटच्या वर्षांतल्या लेखनात पिस्तुलापेक्षा शेतकरी-कामगारांच्या संघटनेवर भर वाढत गेला, तो या तपासणीतूनच.

याच वर्षांत अमरावतीत प्रश्नाने दुसरे वळण घेतले. देव आहे की नाही हा वाद ज्यांना देवळाच्या पायरीलाही शिवू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी निराळा होता. अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रहाची तयारी झाली आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये शहरातल्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. बोलणी व्हावीत म्हणून सत्याग्रह लांबणीवर टाकण्यात आला. पुढच्याच महिन्यात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. अमरावतीतल्या या मंदिरप्रवेशाच्या चळवळीला डॉ. पंजाबराव देशमुखांचे बळ होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे हे शेतकऱ्याचे पुत्र. ऑक्सफर्डला त्यांनी वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर संशोधन केले होते. अकोल्याच्या शाळेतून गेलेल्या आगरकरांनी देवांच्या उगमाचा जो शोध वर्तमानपत्रात घेतला, तोच शोध काही दशकांनी वऱ्हाडचा एक कुणबी तरुण विद्यापीठात घेत होता. पंजाबराव परतले, आंतरजातीय विवाह केला, जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली.

या सगळ्या सुशिक्षितांच्या बाजूला एक निरक्षर माणूस उभा राहतो आणि त्याच्याशिवाय वऱ्हाडची ही हकिगत पुरी होत नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी परिटाच्या घरात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. मूल अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले, गुरे राखली, शेती केली. मुलीच्या बारशाला जातभाई दारू-मटणाच्या पंगतीची वाट पाहत बसलेले असताना डेबूजीने गोडाचे जेवण वाढले, तिथेच त्यांच्या बंडाची चुणूक दिसली. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे खापर. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन.

त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे होती. देवाला बळी लागतो का, देव नवसाला पावतो का, तीर्थात आंघोळ केली की पाप जाते का, असे प्रश्न ते समोरच्या शेतकऱ्यांना विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत आणि मग सगळ्या गर्दीला गोपाळाच्या गजरात सामील करून घेत. नाव देवाचे, पण मागणी अशी की कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, जात पाळू नका. पंढरपूरला ते दरवर्षी जात, पण विठ्ठलाच्या दर्शनाला राउळात न जाता वाळवंट आणि रस्ते झाडत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधला, पण एकही देऊळ बांधले नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली.

गाडगेबाबांना नास्तिक म्हणणे चुकीचे होईल आणि नेहमीच्या अर्थाने आस्तिक म्हणणेही पटत नाही. आगरकरांनी देवाला बाजूला ठेवून जी कामे सांगितली, त्यांतली बरीचशी गाडगेबाबांनी देवाचे नाव घेऊन करवून घेतली. आगरकरांचे लेख पुण्याच्या वाचकांपुरते राहिले. गाडगेबाबांचे बोल बाभुळगाव-दर्यापूरच्या जत्रेतल्या माणसाने डोक्यात घेऊन घरी नेले. देवाविना निष्ठा एखाद्या व्यक्तीला पेलते, हे आगरकर आणि भगतसिंग यांनी दाखवले. ती लोकसमूहाला पेलेल का, हा प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत सुटला नव्हता.

या प्रश्नाला सर्वांत विचारपूर्वक उत्तर दिले ते आंबेडकरांनी. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि पुढची एकवीस वर्षे धर्माचा शोध घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या प्रसंगीच्या २२ प्रतिज्ञांतल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना नाकारणाऱ्या आहेत. नकाराचीही शपथ घ्यावी लागते आणि ती सर्वांनी मिळून, मोठ्याने घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. महिनाभराने, २० नोव्हेंबरला, काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. साम्यवादाचे ध्येय त्यांना परके नव्हते. पण बळाने आणलेली व्यवस्था बळ हटल्यावर कशाच्या आधाराने टिकेल, असा त्यांचा प्रश्न होता, आणि माणसाच्या मनाला वळण लावणारा धम्म हे त्यांचे उत्तर होते. ईश्वर नाही, आत्मा नाही, पण माणसामाणसांतल्या वागणुकीची शिस्त आहे, असा हा धम्म. इतिहास आपोआप न्याय देतो, हा विश्वास त्यांनी नाकारला. लोकांना बांधून ठेवणारी काही तरी निष्ठा लागते, हे मात्र मान्य केले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. धर्मांतराची लाट वऱ्हाडातल्या गावोगावी पोहोचली. घरातले देव विसर्जित झाले आणि त्या जागी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आल्या. तसबिरीला हार घालणे हीदेखील पूजाच नव्हे का, असे विचारणारे तेव्हाही होते. पण ज्या वस्तीत काल नवस फेडले जात, तिथे आज रात्रशाळा आणि वाचनालये निघाली, हेही तितकेच खरे. अकोला हे आंबेडकरी चळवळीच्या राजकारणाचे पुढे मोठे केंद्र झाले.

देव न मानणाऱ्या पक्षांनाही वऱ्हाडाने जागा दिली. १९८९ मध्ये अमरावतीतून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख लोकसभेवर निवडून आले. मतदारांनी त्यांच्या देवाविषयीच्या मताकडे पाहून मत दिले नाही. शेतकऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी उभा राहणारा माणूस म्हणून दिले. बुद्धिवादाचा धागा याच काळात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने पुढे नेला. श्याम मानव यांच्या समितीचे काम १९८० च्या दशकात नागपुरातून सुरू झाले. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. देवाला विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि छळाला विरोध आहे, ही भूमिका या चळवळीने जाणूनबुजून घेतली. ती घेताना आगरकरांचा वारसा जसा समोर होता, तसाच गाडगेबाबांच्या कीर्तनाचाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यांनी अठरा वर्षे ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात संमत झाला. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणीच्या संशयावरून छळ हे त्याने गुन्हे ठरवले. वारी, कीर्तन, भजन आणि प्रवचन यांना त्याने स्पष्ट शब्दांत वगळले.